ओरिजिनल आहे का?

गेल्या रविवारी माझा आतेभाऊ सहकुटुंब जेवायला आला होता. जेवणं झाली, पान खाऊन झालं आणि मी नेहमीप्रमाणे हळूच रेकॉर्ड प्लेअरकडे सरकलो. ("झालं, आता उठायचं नाव नाही" - इति सौभाग्यवती.) माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावली. आतेभावाला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण तो शेअर बाजारातला माणूस, त्यामुळे किंमत बरोबर कळते. त्यानं कव्हर हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ओरिजिनल आहे का?"

"नाही रे, रीइश्यू आहे. नंतर पुन्हा छापलेली."

"म्हणजे डुप्लिकेट?"

त्याचा चेहरा असा काही पडला, की जणू मी त्याला आमरसाच्या नावाखाली डब्यातला पल्प वाढला होता. मी तेव्हा नुसता हसलो. खरं उत्तर लांबलचक होतं आणि त्याची मुलं पेंगुळली होती. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण पंधरा-वीस वर्षं हाच प्रश्न मी स्वतः रोज विचारत होतो, आणि त्यापायी एक असं काम करून बसलो, की ते आजवर घरात कुणाला धड सांगितलेलं नाही. तर ते उत्तर इथे सविस्तर लिहितो.

आधी ओरिजिनल म्हणजे काय ते सांगतो. स्टुडिओत वादन टेपवर मुद्रित होतं. त्या टेपवरून एका मऊ तबकडीवर खाचा कापतात, तिच्यावरून धातूचे ठसे तयार होतात आणि त्या ठशांखाली गरम व्हिनाइल दाबून रेकॉर्ड छापतात. ठसा झिजतो, मग नवा करावा लागतो. पहिल्या खेपेला, टेप ताजी असताना छापलेल्या प्रती म्हणजे ओरिजिनल, ग्रंथप्रेमींच्या भाषेत पहिली आवृत्ती. पुढे कधी दहा, कधी पन्नास वर्षांनी त्याच टेपवरून पुन्हा छापतात तो रीइश्यू. टेपसुद्धा म्हातारी होते, त्यामुळे पहिली छपाई मूळ वादनाच्या जास्त जवळची, असा हा सगळा युक्तिवाद. तो अगदीच खोटा नाही. पण त्याच्यावर जी काही इमारत उभी राहिली आहे, तिच्यात माणसं राहतात की भुतं, असा प्रश्न पडावा.

उदाहरणार्थ ब्लू नोट ही कंपनी. १९३९ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू झाली. तिच्या पन्नाशी-साठीतल्या रेकॉर्डी म्हणजे संग्राहकांची काशी. तिथली ओरिजिनल ओळखायची कशी, ह्याचं एक शास्त्रच आहे. लेबलावर पत्ता कुठला छापलाय? लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूचा असेल तर फार जुनी, '४७ वेस्ट ६३' असेल तर त्यानंतरची, नुसतं 'न्यू यॉर्क' असेल तर आणखी नंतरची. लेबलावर गोल खोल खाच आहे का? ती छपाईयंत्राच्या साच्यामुळे पडायची, आवाजाशी तिचा काडीचा संबंध नाही, पण तिच्यापायी किंमत वाढते. शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यात 'आरव्हीजी' ही अक्षरं आहेत का? ती ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची. हा गृहस्थ दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि १९५९ पर्यंत आईवडलांच्या घरातल्या दिवाणखान्यात जॅझमधली उत्तमोत्तम मुद्रणं करत होता. आणि सगळ्यात शेवटी, त्याच पट्ट्यात 'कान' आहे का? म्हणजे रेकॉर्डी छापणाऱ्या कारखान्याची इंग्रजी पी अक्षराची खूण, ती कानासारखी दिसते म्हणून कान.

मी हे सगळं तोंडपाठ केलं होतं. चोरबाजारात मटन स्ट्रीटला शुक्रवारी पहाटे टॉर्च घेऊन बसायचो. दुकानदार मला 'कानवाला साब' म्हणायचे. रेकॉर्डला कान आहे की नाही हे बघता बघता स्वतःचे कान वापरायचे राहून गेले, हे लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली.

आता त्या रविवारच्या 'काइंड ऑफ ब्लू'कडे येतो. ही रेकॉर्ड १९५९ साली निघाली. मुद्रण झालं दोन दिवसांत, २ मार्च आणि २२ एप्रिलला, न्यू यॉर्कच्या थर्टीएथ स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथे. २ मार्चला जे टेप मशिन चालू होतं ते किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशिनवर मुद्रित केलेली टेप नीट वेगानं वाजवली की काय होणार? सूर चढणार. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ वादनापेक्षा किंचित चढ्या सुरात छापल्या गेल्या. तबल्याच्या किंवा पेटीच्या साथीला बसणाऱ्याला सांगायला नको, की किंचित म्हणजे किती फरक पडतो! तीस-बत्तीस वर्षं जगभर लोकांनी ती चढीच ऐकली, आणि सोबत वाजवून शिकू पाहणारे आपलं वाद्य जुळत का नाही म्हणून डोकं खाजवत राहिले. त्या दिवशी दुसरं एक मशिनही जोडीला चालू होतं, राखीव प्रत म्हणून, आणि ते बरोबर वेगात होतं. १९९२ साली त्या राखीव टेपवरून पुनर्मुद्रण झालं, तेव्हा कुठे माइल्स आणि मंडळींचा खरा सूर लोकांच्या कानावर पडला.

म्हणजे बघा, ज्या ओरिजिनलसाठी लोक दागिने गहाण ठेवतील, ती बेसूर आहे. आणि ज्याला आतेभाऊ डुप्लिकेट म्हणाला, ते सुरात आहे.

हे एक उदाहरण गमतीचं म्हणून सोडून देता येईल. पण दुसरं तसं सोडता येत नाही. टीना ब्रुक्स नावाचा सॅक्सोफोन वाजवणारा होता. टीना हे लहानपणी पडलेलं नाव, चणीनं बारका म्हणून. खरं नाव हॅरॉल्ड. १९५८ ते १९६१ ह्या काळात ब्लू नोटनं त्याच्या नावावर चार रेकॉर्डींपुरतं वादन मुद्रित केलं. त्यातली बाहेर आली एक, 'ट्रू ब्लू'. 'बॅक टु द ट्रॅक्स'ला तर क्रमांक मिळाला होता, कव्हर तयार झालं होतं, पण रेकॉर्ड काही निघाली नाही. व्यसनानं आणि आजारपणानं तो १९७४ साली गेला, बेचाळीस वर्षांचा होता. मुद्रित केलेल्या चारांपैकी तीन रेकॉर्डी त्यानं कधी हातात धरल्या नाहीत. १९८० मध्ये त्यातली एक जपानात निघाली, आणि १९८५ साली मोझेक नावाच्या छोट्या कंपनीनं चारही एकत्र पेटीत घालून काढल्या. मोझेक म्हणजे दोन वेड्यांचा उद्योग. त्यांपैकी मायकेल कस्कुनानं ब्लू नोटच्या गोदामातल्या टेपा वर्षानुवर्षं एकेक करून ऐकल्या, आणि कुठे काय पडून आहे ते वहीत टिपून ठेवलं. हा कस्कुना २०२४ साली वारला. त्याची बातमी आपल्याकडे कुठे आली नाही, यायचं कारणही नव्हतं, पण मी त्या रात्री टीना ब्रुक्स लावून बसलो होतो.

आज 'ट्रू ब्लू'च्या पहिल्या छपाईला काही हजार डॉलर मोजतात. त्यातला एक सेंट टीनाला मिळाला नाही, मिळणारही नव्हता. जुनी रेकॉर्ड एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा वादकाला काहीच मिळत नसतं. आणि 'बॅक टु द ट्रॅक्स'ची तर पहिली छपाईच अस्तित्वात नाही! तिथे आतेभावाचा प्रश्न विचारलात तर काय उत्तर देणार? तिथे रीइश्यू हेच बारसं आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट. इथे जरा पाणी पितो.

साधारण २००८ सालची गोष्ट असेल. ओळखीच्या रद्दीवाल्याचा फोन आला, की बांद्र्याला एक आँटी घर रिकामं करतेय, इंग्लिश तवे आहेत, येऊन बघा. गेलो. जुनं कौलारू घर, दारात क्रॉस, आत सगळीकडे दोऱ्यांनी बांधलेली खोकी. आँटीचे यजमान हॉटेलांतल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, ते दोन वर्षांपूर्वी गेले होते. चाळीसेक रेकॉर्डी होत्या. बऱ्याचशा नाचाच्या, नाताळच्या गाण्यांच्या, दमदमच्या कारखान्यात छापलेल्या. मी आपला चाळत होतो, आणि मध्येच हाताला लागली 'हम दोनो'.

देव आनंदचा नव्हे हो! ही लंडनमध्ये १९६९ साली निघालेली जॅझची रेकॉर्ड. सॅक्सोफोनवर जमैकाहून इंग्लंडला आलेला जो हॅरियट आणि गिटारवर आपला अमान्सिओ डिसिल्वा. आपला म्हणजे गोंयकार घरातला, १९३६ साली मुंबईत जन्मलेला. इथल्या हॉटेलांत वाजवत वाजवत तो साठीच्या दशकात लंडनला गेला. त्याची गिटार ऐकलीत तर कळेल, की हा माणूस जॅझ वाजवतोय, पण मधूनच सतारीसारखी मींड घेतोय, आणि कुठेही 'बघा कसं मिश्रण केलं' असा आव नाही. ही रेकॉर्ड थोड्या प्रती छापून संपलेली. लंडनच्या बाजारात तिच्या प्रती शेकडो पौंडांना जात होत्या आणि मला ते ठाऊक होतं. बांद्र्यात कशी आली? आँटीच्या दिराची लंडनला नोकरी होती, त्यानं भावाला पाठवली होती.

छातीत धडधडायला लागलं. मी ती रेकॉर्ड मुद्दाम ढिगाच्या मधोमध सरकवली आणि अगदी निर्विकार चेहऱ्यानं विचारलं, "आँटी, कितने का दोगे सब?" ती म्हणाली, "पचास रुपया एक. सब ले जा, मुझे जगह खाली करने का है." आणि मी, चांगल्या पगाराचा, सुशिक्षित, आई-वडिलांनी प्रामाणिकपणाचे धडे दिलेला माणूस, घासाघीस करून चाळीसवर आलो. हे चाळीस मी विसरू शकत नाही. पन्नास दिले असते तर लबाडी झाली असती. चाळीस केल्यामुळे ती लबाडी कंजूषही झाली.

घरी आल्यावर ती रेकॉर्ड पुसली, नवीन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, आणि ती पिशवी कपाटात. वाजवली का? नाही. सुईनं झीज होईल, किंमत उतरेल! मित्र आले की काढून दाखवायचो, लांबून. काही वर्षांनी एका कंपनीनं ती सीडीवर काढली, मी मागवली, आणि त्या सीडीवर मी 'हम दोनो' पहिल्यांदा नीट, सलग, शेवटपर्यंत ऐकली. ओरिजिनल माझ्यापासून चार फुटांवर कपाटात होती. त्या रात्री मला पहिल्यांदा स्वतःचं हसू आलं, आणि पाठोपाठ ते चाळीस रुपये आठवले.

अमान्सिओ डिसिल्वाचंही टीनासारखंच. त्यानं सत्तरच्या दशकात आणखी एक रेकॉर्ड मुद्रित केली, नाव 'कोंकण डान्स'. नाव वाचूनच अंगावर काटा येतो ना? लंडनच्या पावसात बसून त्या माणसाला कोकण आठवत होतं. ती तेव्हा निघालीच नाही. तो १९९६ साली गेला आणि 'कोंकण डान्स' सीडीवर आली २००६ साली. पुनर्मुद्रणवाल्यांनी गोदामं उपसली नसती तर आपल्या मातीतलं हे संगीत टेपवरच कुजून गेलं असतं. आणि आम्ही संग्राहक? आम्ही लेबलावरचा पत्ता तपासत बसलो होतो.

आता दुसरी बाजू. रीइश्यू म्हणजे सगळं पवित्र असं मी म्हणत नाही. आतेभावाचा संशय काही ठिकाणी अगदी रास्त आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षं होता, तो २०१३ पासून ७० झाला, पण १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेली मुद्रणं सुटली ती सुटलीच. (आपल्याकडे तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो.) त्यामुळे तिथल्या कित्येक कंपन्या सीडीवरून सरळ उचलून रेकॉर्डी छापतात, ना मूळ टेप, ना कुणाला पैसा. कायद्यानं चालत असेल, पण मला ते बांद्र्याच्या चाळीस रुपयांसारखंच वाटतं. शिवाय मुद्दाम टंचाई करायची नवी तऱ्हा निघाली आहे. २००८ पासून 'रेकॉर्ड स्टोअर डे' साजरा होतो, हेतू छोटी दुकानं जगावीत हा, चांगलाच. पण त्या दिवसासाठी निळ्या-जांभळ्या व्हिनाइलवर मोजक्या प्रती काढायच्या, आणि संध्याकाळी त्याच इंटरनेटवर तिप्पट भावानं, हे बघून वाटतं की आपला रोग कंपन्यांनी ओळखलाय आणि त्याचं औषध म्हणून तोच रोग विकताहेत.

आणि ज्यांचे कान सोन्याचे समजले जातात त्यांचीही एक गंमत झाली. २०२२ साली उघड झालं, की एका नामांकित अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी, ज्या निव्वळ मूळ टेपवरून कापल्या जातात असं सगळे धरून चालले होते, त्यात कित्येक वर्षं मध्ये एक डिजिटल पायरी होती. ह्याच रेकॉर्डींबद्दल तज्ज्ञ मंडळी लिहीत होती, की डिजिटलमध्ये हा गोडवा येणे नाही! कुणाला कळलं नव्हतं. कोर्टकचेऱ्या झाल्या. मला विचाराल तर फसवणूक झाली ती शब्दांची, कानांची नव्हे. आवाज चांगला होता, म्हणून तर सगळे नावाजत होते.

तेव्हा रीइश्यू घ्यायचा तर कव्हरवरचा '१८० ग्रॅम' असा स्टिकर बघू नये, वजन करायला आपण काही बटाटे घेत नाही. बारीक अक्षरात लिहिलेलं वाचावं. कुठल्या टेपवरून, कुणी, कधी. जो हे सरळ सांगतो त्याची घ्यावी. जो सांगत नाही त्याची राहू द्यावी. आणि आज हे काम निगुतीनं करणारे लोक आहेत. पूर्वी साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून कापताना खर्जाचा आवाज आवरता घ्यावा लागायचा. आताचे चांगले रीइश्यू ऐकले तर डबल बासची तार कुठे थरथरते ते दिसतं, हो, दिसतंच.

मग जुन्या रेकॉर्डी शोधूच नयेत का? शोधाव्यात की! मी अजूनही शोधतो. २०१६ साली काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं त्या आठवड्यात मला सुतक असल्यासारखं वाटत होतं, तेव्हा शोधायचं वेड गेलंय असं कुणी समजू नये. फक्त काय शोधायचं ते बदललं. जे जगात दहा ठिकाणी उत्तम छापून मिळतं त्याची पहिली प्रत हा दागिना आहे, हौस असेल आणि पैसे असतील तर घालावा. पण जे पुन्हा छापलंच गेलेलं नाही, ज्याची टेप नाही, कधी नव्हतीच, तिथे ती तबकडी हेच संगीत असतं. टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवाला मुंबईच्या ताजमध्ये वाजवून पुढे कलकत्त्याला गेला, तिथे त्यानं ७८ च्या रेकॉर्डी केल्या, आणि तिथेच १९४५ साली कॉलऱ्यानं गेला. आपला चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोन्याचा अंतोनिओ झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त ज्याच्या ट्रम्पेटनं मजा आणली तो, त्याच्याही स्वतःच्या बँडच्या ७८ च्या रेकॉर्डी आहेत. अशी एखादी फुटली की आवाजाचा एक तुकडा जगातून कमी होतो. हे शोधावं, आणि सापडलं तर कपाटात कोंडू नये, ज्याला नीट उतरवून घेता येतं त्याच्याकडे न्यावं.

कारण घरातली प्रत कधी कुणाला वाचवील सांगता येत नाही. जॉन कोल्ट्रेननं मार्च १९६३ मध्ये मुद्रित केलेली एक अख्खी रेकॉर्ड कंपनीकडे राहिलीच नाही. तिच्या जुन्या टेपा गोदामाचा खर्च कमी करायला टाकून दिल्या गेल्या होत्या म्हणतात. पण एक प्रत त्याच्या पहिल्या पत्नीच्या कुटुंबाकडे होती, आणि २०१८ साली, पंचावन्न वर्षांनी, ती रेकॉर्ड निघाली. त्या घरानं ती प्रत जपली. जपणं म्हणजे हे. माझं जे चाललं होतं ते जपणं नव्हतं.

आता राहिली आँटी. २०१७ च्या डिसेंबरात आम्ही गोव्याला गेलो होतो. त्याआधी मी बांद्र्याला जाऊन आलो होतो, तर घराच्या जागी सात मजले. पण खालच्या बेकरीवाल्याला माहीत होतं, आँटी बहिणीकडे असते, सासष्टीत. पत्ता मिळाला. घरच्यांना "मित्राच्या ओळखीच्या आहेत" असं सांगून मी एकटाच गेलो. (हो, खोटं बोललो, आज कबूल करतोय.) आँटी व्हरांड्यात बसली होती. मी सगळं सांगितलं. रेकॉर्डचं नाव, तिची खरी किंमत, मला तेव्हा ती माहीत होती हे, आणि ते चाळीस रुपयेही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं होतं हसेल, म्हणेल 'जाने दे बाबा', आणि मी हलका होऊन परत येईन. ती हसली नाही. म्हणाली, "त्या महिन्यात मला पैशांची फार गरज होती." एवढंच. मी पाकीट पुढे केलं. तिनं ते उघडलं, नोटा शांतपणे मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि आत नेऊन ठेवल्या. मी म्हटलं, रेकॉर्ड परत हवी असेल तर पाठवतो. तर म्हणाली, "वाजवणार कशावर?" आणि मग, "चांगली वाजते का अजून? मिस्टर रविवारी मासहून आले की लावायचे."

मला सांगावं लागलं, की मी ती एकदाही लावलेली नाही.

तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते पैशांबद्दल पाहिलं नव्हतं. पैशांचा राग तिनं मोजून घेतला होता. हे तिला समजतच नव्हतं. नऊ वर्षं घरात असून?

मुंबईला परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. 'हम दोनो'ची सीडी आणि एक छोटा सीडी प्लेअर तिला कुरियर केला. आणि ओरिजिनल पिशवीतून काढून सुई लावली. पहिल्या बाजूला एका ठिकाणी टक् टक् असा आवाज येतो, एक बारीक ओरखडा आहे. तो आँटीच्या मिस्टरांच्या सुईचा. सीडीवर तो नाही. खरं सांगायचं तर ओरिजिनलमध्ये जे काही सीडीत नाही, ते माझ्या कानांना तेवढंच सापडलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. वर्षभरात जी रेकॉर्ड एकदाही वाजली नाही ती द्यायची. कुणालाही, ज्याला ऐकायची आहे त्याला. कपाट निम्मं झालं, सौभाग्यवती प्रसन्न आहे. विकणाऱ्याला किंमत ठाऊक नसेल तर ती आधी सांगायची, मग भाव करायचा. ह्यामुळे दोनदा चांगला माल हातचा गेला. गेला तर गेला.

तर भाऊसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ओरिजिनल नाही. साध्या दुकानातून पूर्ण पैसे देऊन घेतली, सुरात आहे आणि रोज वाजते. पुढच्या वेळी मुलांना जरा लवकर जेवायला घाल, म्हणजे दुसरी बाजूही ऐकता येईल. ती ओरिजिनलमध्येसुद्धा सुरात आहे. :-)